आक्काला आम्ही न शिकवलेली वाक्यं

असल्या अनुभवांच्या सदरात कधी माझं लिखाण येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. ऑफिसात कुणी भुताचं सांगायला लागलं की मी सरळ हेडफोन लावून बसायचो. भुतांवर माझा विश्वास आजही नाही... आणि हे भुताचं आहे असंही मी म्हणत नाही. घडलं तसं सांगतो.

मी कोल्हापूरचा. राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे, तिथे मी चॅटबॉटसाठी संवाद लिहितो. म्हणजे मोबाईलवर तुम्ही कंपनीला काही विचारलंत आणि पलीकडून मशीनने उत्तर दिलं, तर ते माणसासारखं वाटावं म्हणून कुणीतरी आधी बसून लिहिलेलं असतं. तो कुणीतरी मी. गेल्या वर्षी एका पशुखाद्य कंपनीचं काम आलं. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्याने मेसेज करायचा आणि बॉटने सल्ला द्यायचा. बॉटचं नाव ठेवलं ‘आक्का’.

माझी पहिली पुस्तकी आक्का कंपनीला आवडली, पण शेतकरी म्हणाले, “ही तर बँकेतली बाई बोलतीया.” मग मी माझ्या आत्तीला धरलं. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. शिरोळजवळच्या गावात एकटी राहते, एक म्हैस पाळते. तिची तऱ्हा अशी, की आधी खडसावायचं, मग चौकशी करायची आणि मग चहा टाकायचा. रविवारी तिच्याकडे जाऊन मी तिचं बोलणं टिपून आणलं आणि आक्काच्या तोंडी घातलं. एक सांगून ठेवतो — ही आक्का स्वतःच्या मनाने काही बोलत नव्हती. आम्ही लिहिलेल्या उत्तरांतलं एखादं निवडून द्यायची, बास.

त्या दिवशी दुपारी मी आणि आमची प्रोग्रामर रूपाली टेस्टिंगला बसलो. शेतकरी अर्थात मीच. टाइप केलं, “आक्का, म्हस सकाळपासनं वैरण खाईना.”

यावर ठरलेलं उत्तर होतं, “मग आत्ता सांगतोस व्हय? ताप हाय का बघ आधी.” स्क्रीनवर आलं ते वेगळंच.

“वैरण ऱ्हाऊ दे. पाय उचलंना माझा.”

रूपाली हसायला लागली. “हे कधी लिहिलंस? एकदम माणसागत वाटतंय की.”

मी लिहिलं नव्हतं. मला वाटलं तिनेच माझी फिरकी घेण्यासाठी घातलंय. मी पुढे टाइप केलं, “दूध बी कमी झालंय.”

“पाणी दे की रं. तांब्या हाताला येईना.”

आता खरं सांगतो, कारण त्याची मला अजून लाज वाटते. मला ते वाक्य फार आवडलं. इतकं साधं आपल्याला सुचत का नाही, असं वाटलं आणि पुढे वापरायला म्हणून मी ते कॉपी करून ठेवलं. आम्ही दोघं तिथे बसून त्या वाक्याचं कौतुक करत होतो. आणखी काय येतंय बघू म्हणून मी मुद्दाम त्या खोट्या म्हशीचं रडगाणं लांबवत राहिलो.

मग आलं, “चंद्री अंगावर येतीया. तिला कोण तर सोडा की.”

मी टाइप करायचा थांबलो. चंद्री हे आत्तीच्या म्हशीचं नाव. ते मी कुठेही लिहिलं नव्हतं आणि रूपालीला तर आत्तीकडे म्हैस आहे हेही माहीत नव्हतं.

आत्तीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग तिच्या शेजारच्या सुभाषला लावला. तो रानात होता.

“आत्तीच्या गोठ्यात जाऊन बघ जरा.”

“का? सकाळी बोललोय की तिच्यासंगं.”

“जा म्हणतोय न्हवं!”

माझा आवाज ऐकून तो तसाच निघाला. रूपाली मात्र स्क्रीनकडे बघत होती. हळूच म्हणाली, “तिला लिही काहीतरी.”

मी लिहिलं, “आत्ती?”

“बोल.”

“सुभाष येतोय. हलू नको.”

यावर बराच वेळ काहीच आलं नाही. आणि मग आलं, “माफ करा, आपला प्रश्न समजला नाही.” आमचं नेहमीचं, मीच लिहिलेलं उत्तर. ते वाचून मी तिथेच रडलो.

सुभाषचा फोन आला तेव्हा आम्ही शिरोळच्या वाटेवर गाडीत होतो. आत्ती गोठ्यात घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला खोक पडली होती आणि दाव्याला बांधलेली चंद्री बिथरून तिच्या अंगाशीच नाचत होती. आधी म्हैस सोडावी लागली, मग आत्तीला उचलता आलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

रूपालीने नंतर सगळी सिस्टीम उपसली. ती वाक्यं कुठेच नाहीत, कुणी घातल्याची खूणही नाही. फक्त मी कॉपी केलेलं ते एक वाक्य माझ्या कॉम्प्युटरवर आहे. ती म्हणते काहीतरी बग असणार. कसला, ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मी आत्तीजवळ बसलो होतो. गुंगीत होती, पण मला ओळखलं.

“गोठ्यात पडल्यावर कोण तर माणूस सारखा बोलत हुता बघ,” ती म्हणाली. “मी पाणी मागतीया, आणि ह्यो आपलं म्हस खाईना, म्हस खाईना. लई काळजीत हुता बिचारा.”

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

“खाया लागली का रं त्याची म्हस?”

“व्हय,” मी म्हणालो. “खाया लागली.”

“बरं झालं,” म्हणाली आणि तिने डोळे मिटले.