कुंकवाखालचा दिवा

कान्होजी खलाट्याला घोडा कळायचा. कान मागं टाकले म्हणजे राग, खूर आपटला म्हणजे माशी नाहीतर भूक, लीद पातळ झाली म्हणजे हरभरा भिजवण्यात चूक. ह्यापलीकडं जगात आणखी काही समजून घ्यावं लागंल असं त्याला पंचेचाळिशीपर्यंत वाटलं नव्हतं. त्याचा पणजा फौजेबरोबर दख्खनेतनं ग्वाल्हेरीत आला तो घोड्यावर बसून. आजा घोड्यावर, बाप सरदारांच्या बग्गीवर. घरात बोली अजून नीरेकाठची, उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी. कान्होजीही सदाशिवराव सरदारांच्या बग्गीवर बसला, आणि त्याच बैठकीवर म्हातारं व्हायचं असं धरून चालला होता.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी सरदारांनी दोन्ही घोडे विकले आणि मोटार घेतली.

घोडे गेले त्या दिवशी कान्होजी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, कारण मोटार तूच हाकायची, असं सरदारांनी सांगितलं. हाकणं त्याला जमलं. हात आणि पाय आपापल्या कामाला लागले. गाडं अडलं ते दोन दिव्यांपाशी.

हातातल्या चाकापुढच्या फळीवर हरभऱ्याएवढे दोन दिवे होते, एक लाल, एक हिरवा. मोटार पोचवायला दिल्लीहून आलेल्या माणसानं ते एकदाच, उभ्या उभ्या, घाम पुसत समजावले. किल्ली फिरवली की दोन्ही पेटणार, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार. चालत्या गाडीत लाल पेटला तर वीज भरत नाही असं समजायचं, पण घरापर्यंत जायला हरकत नाही. हिरवा पेटला तर इंजिनात तेल फिरत नाही. मग आहे तिथंच थांबायचं, नाहीतर इंजिन जळून जाम होईल. कान्होजी प्रत्येक वाक्याला "जी" म्हणाला. मोठा माणूस सांगत असला की मान हलवायची आणि समजून नंतर घ्यायचं, ही खलाट्यांच्या घरातली रीतच.

नंतर समजून घ्यायला बसला तर गाठ सुटंना. छोट्या आगगाडीचा गार्ड हिरवं निशाण दाखवतो तेव्हा गाडी निघते आणि लाल दाखवतो तेव्हा उभी राहते, हे त्यानं लहानपणापास्नं बघितलेलं. सगळ्या जगात हिरवा म्हणजे चल, आणि ह्या मोटारीत हिरवा म्हणजे थांब? माणूस दमला होता, त्याची जीभ घसरली असणार, असं कान्होजीनं ठरवलं.

त्यामुळं नवरात्राच्या आधी नई सडकेवर जे व्हायचं ते झालं. सरदारांच्या बाईसाहेब, राजलक्ष्मीबाई, लुगडी बघून मोटारीत बसल्या आणि जरा पुढं गेल्यावर लाल दिवा पेटला. कान्होजीनं भर बाजारात गाडी उभी केली. हलवायाकडनं बादलीभर पाणी आणलं आणि धापा टाकणाऱ्या जनावराला घालावं तसं मोटारीच्या नाकाडावर ओतलं. मागं टांग्यांची रांग लागली. एका टांगेवाल्यानं घास भी डालोगे क्या म्हणून विचारलं. हजीरा मोहल्ल्यातला रहमत मिस्त्री आला, इंजिनाचा सैल झालेला पट्टा ताणून बसवला आणि म्हणाला, इसमें तो घर तक आ जाते, भाईजान.

संध्याकाळी सरदार ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. झाशीला एक शिकलेला ड्रायव्हर आहे, एवढंच ते हळू आवाजात बोलले. "आणखी एकदा रस्त्यात तमाशा झाला, कान्होजी, तर मी त्याला बुलावा धाडीन."

कान्होजीला पुरतं कळलं. तबेल्यात आता लाकडं रचलेली. माघारी जायला जागाच उरली नव्हती.

मग तो दिसेल त्याला दिव्यांचं विचारत सुटला. वाड्यातले नाना दिवाणजी म्हणाले, लाल म्हणजे अग्नी, तेव्हा तो उष्णतेचाच, आणि हिरवा बहुधा शोभेचा. रहमत मिस्त्रीनं दिल्लीवाल्याचंच परत सांगितलं, तर कान्होजीला वाटलं, आता दोघं मिळून चुकायला लागले. शेवटी त्यानं बायकोला, दुर्गाला विचारलं.

घोडा वाटेत फुरफुरला तर काय करता, असं तिनं उलट विचारलं. थांबतो म्हणाला.

"मग दोन्हीला थांबा."

थांबलो तर झाशीवाला येईल, तो म्हणाला. मग थांबू नका. न थांबलो तर इंजिन जळंल. दुर्गानं भाकरी त्याच्या ताटात टाकली. "मग गिळा," म्हणाली.

अखेर त्यानं रंगाचा नाद सोडला आणि मिस्त्रीचं म्हणणं जागेवरनं पाठ केलं. डावीकडचा पेटला तर घरी जायचं, उजवीकडचा पेटला तर थांबायचं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मनात किडा वळवळला. हे डावं-उजवं आपण गादीवर बसून ठरवलं, का बाहेरनं पुढची काच पुसताना? आठवंना.

अशात दसरा आला. सरदारांकडं शस्त्रांची पूजा मोठी. तलवारी, ढाली, भाले, आणि घोडे गेले तरी बग्गीचा कातडी साज मांडायचा तो मांडायचाच. कान्होजीनं तो घासून घासून असा चमकवला की नाना दिवाणजींनी त्यात पगडी नीट केली. ह्या वर्षी पूजेला मोटारही होती. राजलक्ष्मीबाईंनी चाकाला कुंकू लावलं, भोंग्याला लावलं, आणि हे मोटारीचे डोळे म्हणून दोन्ही दिव्यांवर ओल्या कुंकवाचं बोट भरून फिरवलं, वर अक्षता चिकटवल्या. दोन्ही काचा लालभडक झाल्या. कान्होजीनं फडकं उचललं आणि परत ठेवलं. पूजेचं कुंकू हातानं पुसत नाहीत. ते आपोआप झडायचं असतं.

दिवस कलताना मंडळी कंपू मोहल्ल्याच्या टेकडीवर मांढरे मातेच्या देवळाला निघाली. मागं सरदार, राजलक्ष्मीबाई आणि देवासहून पहिल्या दसऱ्याला आलेले व्याही जयसिंहराव. सरदारांची सून ही त्यांची लेक. मोटारीत बसायची आपल्याला सवय आहे, हे त्यांनी निघायच्या आधीच दोनदा ऐकवलं होतं.

चढ लागला आणि कुंकवाखाली काहीतरी उजळलं. सपाटी आली, विझलं. पुन्हा चढ, पुन्हा उजळलं. डावीकडचा. पण कुठनं बघितलेला डावीकडचा? कुंकवाआडनं हिरवाही लाल दिसणार आणि लालही लालच. लाल असला आणि थांबलो, तर व्याह्यांसमोर तमाशा, उद्या झाशीवाला. हिरवा असला आणि गेलो, तर मोटार मेली, आणि तरीही झाशीवाला. शेजारनं आपट्याची पानं घेतलेले टांगे वर चालले होते.

त्यानं मोटार कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन गचकून बंद पडलं, किल्ली तशीच राहिली, आणि आता दोन्ही दिवे कुंकवाखाली जळायला लागले. बंद इंजिनाला दोन्ही पेटतात, हे दिल्लीवाल्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं, पण ते त्या घटकेला कुणाला आठवणार? एकाचे दोन झाले, एवढंच कान्होजीला दिसलं.

काय बात आहे, सरदारांनी विचारलं. दिवा पेटलाय, सरकार. कुठला? ते कुंकवाखाली हाय.

पुसून बघ, असा हुकूम झाला. कान्होजीनं हात जोडले. पूजेचं कुंकू, आणि तेही बाईसाहेबांच्या हातचं. सरदारांनी बायकोकडं बघितलं. त्या मागं सरकल्या.

"सणासुदीचं, तुम्ही शेजारी बसलेले, आणि मी कुंकू पुसू?"

जयसिंहराव ही काय अडचण म्हणत पुढं वाकले, बोट काचेपाशी नेलं, आणि त्यांना आठवलं की आपली लेक ह्याच घरात नांदते. बोट माघारी आलं. मग सरदार स्वतः वाकले. त्यांचं बोट काचेपर्यंत गेलं, तिथं जरा घुटमळलं, आणि वर येऊन मिशी खाजवायला लागलं. चार शहाणी माणसं हरभऱ्याएवढ्या दोन दिव्यांकडं बघत बसली.

आमच्या देवासला ड्रायव्हर असल्या दिव्यांना विचारत नाहीत, जयसिंहराव म्हणाले. सरदारांचा चेहरा उतरला. "चल कान्होजी," ते म्हणाले. "सुरू कर."

कान्होजी खाली उतरला. किल्ली काढून त्यानं सरदारांच्या हातात दिली.

"झाशीवाल्याला बोलवा, सरकार. हा दिवा कुठला ते मला कळंना. कळल्याबिगर मी हिला चढ चढवत न्हाई."

सरदारांनी किल्ली खिशात टाकली, टांगा थांबवला, आणि मंडळी त्यात बसून देवीला गेली. सकाळी एका गवळ्याच्या बैलांनी मोटार ओढत वाड्यावर आणली. सगळा कंपू मोहल्ला बघायला आला होता. कान्होजी मोटारीच्या मागनं चालत आला, मेल्या जनावरामागं चालावं तसा.

रहमत मिस्त्री आला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं दोन्ही काचांवर फडकं मारलं. सज्ज्यातल्या राजलक्ष्मीबाईंनी तोंड फिरवलं आणि आत जाऊन आपल्या कपाळाला नवं कुंकू लावलं. मिस्त्रीनं इंजिनातली तेल मोजायची सळई ओढून बघितली. टोकाला तेलाचा नुसता वास. उरलंसुरलं तेल सपाटीला इंजिनात कसंबसं पोचायचं, चढाला मागं सरायचं. "हरी बत्ती थी," तो म्हणाला. "ऊपर तक जाते तो इंजन जाम था."

पण तेल गेलं कुठं? दर आठवड्याला थोडं घालायला मिस्त्रीनंच डबा दिला होता. कान्होजीनं डबा आणला. रिकामा. मग त्यानं हळूच ओसरीकडं बघितलं, तिथं बग्गीचा साज आरशागत चमकत होता. त्याच्यामागनं सगळ्यांनीच बघितलं.

कातड्याला पाजलं, तो म्हणाला. दसरा होता.

सरदारांना रागवायचं होतं आणि मोटार वाचली म्हणून बरंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम तोंडातनं बाहेर पडंना. शेवटी त्यांनी विचारलं, हिरवाच होता हे तुला कसं कळलं?

"कळलं न्हवतं, सरकार. म्हणून तर थांबलो."

आत जयसिंहराव हसले. सरदार हसले नाहीत. त्यांनी खिशातली किल्ली काढली, जरा वेळ हातात फिरवली, आणि कान्होजीपुढं धरली. झाशीवाला कधी आला नाही. येणार नाही असंही कुणी कधी म्हणालं नाही.

पुढल्या दसऱ्याला राजलक्ष्मीबाईंनी मोटारीच्या नाकाडावर कुंकू लावलं. हे तिचं कपाळ, म्हणाल्या. साजाला तेल मिळालं नाही, त्याला चिरा पडल्या. दिव्यांचं कोडं काही कान्होजीला उलगडलं नाही. संस्थान विलीन होईपर्यंत त्यानं ती मोटार चालवली, आणि लाल पेटो की हिरवा, तो कडेला घेऊन थांबायचा आणि रहमतला निरोप धाडायचा. सरदारांच्या घरची माणसं कुठं जायचं असलं की अर्धा तास आधीच निघायची.