एकट्या लॅपटॉपचं नेट

घरात काही बिघडलं की पौर्णिमा आधी स्वतःकडे बघायची. दूध नासलं, तर पातेलं आपणच नीट घासलं नसेल. मिक्सर जळाला, तर आपणच जास्त भरला असेल. अकोल्याला शिकत असताना बी.एस्सी.च्या निकालात तिचा नंबर छापायचाच राहिला होता. घरातले सगळे कॉलेजवर चिडले आणि ही मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरातल्या घरी येईपर्यंत आपला कोणता पेपर बिघडला असेल ते आठवत होती. कॉलेजनं चूक मान्य केल्यावरही ती आईला म्हणाली, "मीच फॉर्म नीट भरला नसंन."

आईनं, दुर्गाबाईंनी, कपाळाला हात लावला. "या पोट्टीले उद्या कोनी लुटलं, तं हे त्यालेच सॉरी म्हनंन."

अशी ही पौर्णिमा लग्न होऊन अमरावतीला आली. नवरा नितेश नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर. घर दुमजली. वर पौर्णिमा, नितेश आणि त्यांची रेवा. खाली सासूबाई आणि नितेशचे थोरले भाऊ खुशालराव. खुशालरावांची बायको अंजनगाव सुर्जीला शाळेत शिक्षिका, मुलांना घेऊन तिकडेच राहायची. खुशालरावांनी हार्डवेअरचं दुकान कधीच बंद केलं होतं. ते घरी बसून शेअर बाजार करत. बाजार चालू असला की खालच्या खोलीत कुणी भांडंही आपटत नसे. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडावर बोलायचं नाही, ही जुनी रीत ते अजून पाळत. पौर्णिमा समोर असली तरी ते नितेशमार्फत बोलत, आणि नितेश नसला तर पंख्याकडे बघून.

रेवा शाळेत जायला लागल्यावर पौर्णिमेनं नोकरी शोधली. पुण्याची एक कंपनी दवाखान्यांची बिलं तपासून विम्याचे दावे मंजूर करायची. काम लॅपटॉपवर, घरूनच. रोज सकाळी सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग, त्यात आपण तपासलेल्या फायली स्क्रीनवर दाखवायच्या. जूनअखेरपर्यंत प्रोबेशन होतं. तोवर काम पसंत पडलं की पक्की नेमणूक. घरात मात्र या नोकरीला कुणी नोकरी म्हणत नव्हतं. जाऊबाई सकाळी घराबाहेर पडून शाळेत जायच्या, ती नोकरी. पौर्णिमा वरच्या खोलीत टेबलापाशी बसायची, म्हणून "तिचा आपला टाइमपास."

पहिले दोन महिने छान गेले. मार्च संपता संपता नेट हळू झालं. मीटिंगमध्ये तिचं चित्र थिजायचं, आवाज तुटायचा, फाईल उघडता उघडत नसे. टीम लीडर अमरीन मूळची अकोल्याचीच, म्हणून थोडं मोकळं बोलायची.

"पौर्णिमाताई, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊन राहिला. काम चांगलं आहे हो तुमचं, पण वरचे लोक मीटिंगच बघतात. नेटचं काहीतरी करा."

पौर्णिमेनं नितेशला विचारलं. तो पलंगावर मोबाईलवर क्रिकेट पाहत होता. चित्र अगदी स्वच्छ होतं.

"वायफायचा डबा खाली हाय," तो म्हणाला. "त्यात हा कूलर. लोखंडाची बॉडी, आत टाकीभर पानी. सिग्नल कसा येईन वर?"

तिला पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती लॅपटॉप घेऊन खालच्या बोळकांडीत, राउटरच्या थेट खाली बसायला लागली. तिथं कूलरची हवा पोचत नव्हती. एप्रिल-मेचं अमरावतीचं ऊन. भिंतीसुद्धा हात लावू देत नव्हत्या. ती ओला पंचा मानेवर टाकून बिलं तपासायची. सासूबाई पन्ह्याचा पेला आणून ठेवायच्या. "कायले एवढा जीव जाळतं वो बाई?" त्या खरंच मायेनं म्हणायच्या. नेट होतं तसंच राहिलं.

एकदा खुशालराव पाणी प्यायला उठले. तिला घामानं निथळताना पाहून पंख्याकडे बघत म्हणाले, "नितेशले सांगा म्हना. तो लॅपटॉपच जुना झाला असंन."

मग लॅपटॉप. तो तिनं लग्नाआधी घेतलेला होता, तेव्हा जुना होताच. रविवारी दोघं तो घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, आत कचरा फार झालाय, फॉर्मॅट करावा लागेल. पौर्णिमा जरा घुटमळली. नितेश म्हणाला, "करून टाका." तिनं ऑफिसचं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. एक फोल्डर मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही. रेवाचं रांगणं, पहिली पावलं, बोबडं बोलणं, सगळं त्यात होतं. जुना मोबाईल फुटला तेव्हा तिनं जपून या लॅपटॉपवर ठेवलं होतं ते.

घरी आल्यावर कळलं. त्या रात्री नितेश जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पौर्णिमाच त्याची समजूत काढत बसली. "माह्याच डोक्यातून गेलं हो. तुमी कायले मनाले लावून घेता?"

नेट तेवढंच हळू होतं.

शाळेला सुट्ट्या लागल्यावर ती रेवाला घेऊन चार दिवस अकोल्याला आईकडे गेली. काम सोबतच. दुर्गाबाईंच्या घरचं नेट साधंच, भावानं सिरियली बघायला घेऊन दिलेलं. सकाळी तिनं भीत भीत मीटिंग सुरू केली आणि अमरीनच हसली.

"अगंबाई! ताई, आज तुमच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येऊन राहिलं!"

सगळ्या फायली झरझर उघडल्या. मीटिंग संपल्यावर पौर्णिमा लॅपटॉप बंद न करता तशीच बसून राहिली. म्हणजे लॅपटॉप चांगला आहे. अमरावतीला नितेशचा मोबाईल चालतो, खाली भाऊजींच्या दोन-दोन स्क्रीन चालतात, सासूबाईंचं मोबाईलवरचं कीर्तनही अडकत नाही, म्हणजे तिथलं नेटही चांगलं आहे. फक्त त्या घरात हा लॅपटॉप चालत नाही. एवढं नीट मांडूनही तिच्या मनात आलं ते हेच, की आपल्याच हातून कुठलंतरी भलतंच बटण दाबलं गेलं असावं.

अमरावतीला परतल्यावर तिनं केबलवाल्या धर्मपालला फोन केला. तो दुपारी आला. खुशालराव एका लग्नाला गेले होते, नितेश कामावर. धर्मपालनं मोबाईलवर राउटरचं पान उघडलं. घरातली सगळी यंत्रं नावानिशी तिथं दिसत होती. त्यानं त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं.

"वहिनी, याच्यावर तं लिमिट लावली हाय ना. बाकीच्यायले पूरा स्पीड, याले चिमूटभर."

"माह्या हातून लागली असंन का?"

"तुमच्या हातून कशी लागंन? मीच तं लावली."

पौर्णिमा त्याच्याकडे बघत राहिली. धर्मपालचा चेहरा उतरला.

"तुमाले माहीत नाही? खुशालभाऊनं बोलावलं होतं मले. तुमची मीटिंग सुरू झाली का त्यायची स्क्रीन अडकते म्हने, सौदा हुकला म्हने. मी म्हनलं, मोठा प्लान घ्या. तं म्हने, कायले? वरचा लॅपटॉप हळू करून टाक, तिले कुठं घाई हाय."

"आन हे?"

"कोन? नितेशभाऊ? होते ना. त्यायनंच तं दाखवलं, यातला तुमचा लॅपटॉप कोनता ते."

तिनं मोबाईलवरचं ते नाव स्वतः वाचलं. मग म्हणाली, "काढून टाका." धर्मपालनं दोनदा बोट लावलं. झालं. तो चहा न घेताच गेला.

रात्री सगळे जेवायला बसल्यावर तिनं वाढता वाढता सांगितलं. आवाज चढवला नाही. लिमिट लावलेली होती, आज काढली, एवढंच म्हणाली.

"मंग झालं ना?" सासूबाई म्हणाल्या. "भेटलं ना तुले तुयं नेट? आता जेवताना कायले तो विषय?"

खुशालरावांनी भाकरी मोडली. "नितेश, मी काय माह्यासाठी करतो का? घरासाठीच करून राहिलो ना?"

नितेशनं पुन्हा भात मागितला.

दोन महिने ही माणसं तिला बिघाड शोधताना बघत होती. ती बोळकांडीत भाजत होती तेव्हा बघत होती, दुकानात गेली तेव्हा बघत होती. सांगायची गरज कुणाला वाटली नाही, कारण ती दोष आपल्यातच शोधत राहणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या स्वभावावर घरानं इतका भरवसा याआधी कधी टाकला नव्हता.

पुढच्या मीटिंगा काचेसारख्या स्वच्छ झाल्या. जूनअखेर अमरीनचा फोन आला. "ताई, मी लय बोलली वरती. पण त्यायनी एप्रिल-मेचंच पाहिलं. प्रोबेशन वाढवलं तुमचं. आणखी एकदा बघू म्हनतात."

पौर्णिमेनं तिला घरचं काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तिनं दुसऱ्या कंपनीचं नेट स्वतःच्या नावावर घेतलं. माणसं आली, बाहेरून तार वर चढवली आणि तिच्या टेबलामागच्या भिंतीला छोटा पांढरा डबा ठोकून गेली.

सासूबाईंनी ती तार अंगणातून पाहिली. संध्याकाळी त्या आपल्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "हो ना वो, केली चूल वेगळी. आमी का तिले उपाशी ठेवलं होतं?" त्या दिवसापासून 'आज भाजी काय करू' हे त्यांनी पौर्णिमेला विचारणं बंद केलं. शेजारणी गच्चीवरून विचारू लागल्या, "वाटण्या झाल्या का काय?" खुशालराव आता तिच्याविषयी नितेशशीही बोलत नसत. पन्हंही कधी वर आलं नाही. नितेश तिच्या खोलीत असतानाही मोबाईल खालच्या नेटलाच लावायचा. मध्येच चित्र अडकलं तरी तसाच बघत राहायचा.

जुलैत बाहेर रस्ता खोदताना खालची तार तुटली. बाजार चालू होता. नितेशची त्या दिवशी सुट्टी. तो धावत जिना चढून आला आणि दारात उभा राहिला.

"पौर्णिमा, तुवा पासवर्ड सांग ना लवकर. दादाचं अडकलं हाय. भाव पडून राहिला."

तिची मीटिंग सुरू व्हायला थोडा वेळ होता. तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"देते. त्याच्याआधी एक सांगा. धर्मपालनं लिमिट लावली, तवा माह्या लॅपटॉपचं नाव तुमी दाखवलं होतं ना?"

"आता ते कायले काढून राहिली?"

"मी भांडून नाही राहिली. हो म्हना फक्त. पासवर्ड आत्ता देते."

खालून खुशालरावांची हाक आली, "नितेश! भेटला का?"

नितेशनं जिन्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ जरा हलले. ती थांबली होती. कागद ओढून हातात पेनही घेतलं होतं.

"नितेश! काय झालं?"

तो वळला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडला, "पौर्णिमा नाही देत म्हनते!"

आणि दार उघडंच टाकून खाली उतरून गेला.