तीन इंचांची भिंत

"स्वल्प थांबा, धूर जाऊ द्या." काहीही विचारलं की अण्णा आधी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत हे म्हणत आणि डोळ्यांसमोर हात पंख्यासारखा हलवत. चहा घेणार का, याचंही उत्तर त्या धुरातूनच यायचं. वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला होता. निवृत्तीनंतरही त्यांच्यापुढचा धूर काही हटला नाही.

चामराजपेटेत आमची घरं समोरासमोर होती. मी वाचनालयात नोकरीला, म्हणून त्यांच्या लेखी 'पुस्तकवाले'. त्यांच्या पुढच्या खोलीत बाजेएवढ्या फळीवर पितळी पट्ट्यांचे रूळ होते आणि त्यांवर त्यांनी स्वतः घडवलेलं वीतभर काळं इंजिन.

"उघड्यावर आहे हो बिचारं," ते म्हणत. बाहेर पाऊस आला की घरातल्या घरात त्यावर पंचा टाकत. वेडे छंद तुम्हीही पाहिले असतील. पण इंजिन भिजेल म्हणून झोपेतून उठणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याला छप्पर हवं म्हणून त्यांनी आपल्याच शेडची प्रतिकृती करायला घेतली. फुटाला पाव इंच, असं माप. भिंती चहाच्या खोक्यांच्या फळ्यांच्या. छपराला बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, विणायच्या सुयांवर दाबून पन्हळी केलेला. भिंतींवरची काजळी मात्र खरी. अक्का, म्हणजे त्यांची बायको, तवा घासायला बसल्या की हे बोट पुढे करून हजर.

"आता तवा घासूच नको का मी?"

"स्वल्प थांब. पश्चिमेची भिंत राहिलीय."

छप्पर बसवायच्या दिवशी मी तिथेच होतो. ते बसेना. पश्चिमेची भिंत पूर्वेच्या भिंतीपेक्षा तीन इंच लांब भरली.

मापं त्यांच्या वहीत होती, तीही पावलांत. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. "पत्र्याची जात ती. उन्हात वाढते." पूर्वेची भिंत चौसष्ट पावलं, पश्चिमेची एकोणसत्तर.

"मूळ शेडच वाकडी बांधलीय," त्यांनी निकाल दिला.

"शेड सरळच असेल," अक्का आतून म्हणाल्या. "स्वतःचा पाय बघा आधी."

पूर्वेची भिंत त्यांनी तरुणपणी मोजली होती. पश्चिमेची मोजली, तोवर राखेच्या खड्ड्यात पडून डावा पाय कायमचा अधू झाला होता. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कबूल नव्हतं.

तेव्हा डिझेलची इंजिनं येऊ लागली होती. शेड पाडणार, असं लोक बोलत होते. ती गेल्यावर खरं माप कुणाला विचारणार? दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. "चला पुस्तकवाले. तुमचे पाय द्या."

फाटकावरच्या माणसानं त्यांना सलाम करून आत सोडलं. शेड रिकामी होती. मी भिंतीकडेनं चालत होतो आणि अण्णा मागून लंगडत, मोठ्यानं, कानडीत माझी पावलं मोजत होते. पूर्वेला सहासष्ट. पश्चिमेलाही सहासष्ट.

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. मी विचारलं, "निघायचं का, अण्णा?"

"स्वल्प थांबा." त्यांनी डोळ्यांसमोर हात हलवला. "धूर जाऊ द्या."

शेडमध्ये एकही इंजिन नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी करवत घेऊन पश्चिमेच्या भिंतीचा टोकाचा तुकडा कापला. त्यात एक खिडकी होती. छप्पर अलगद बसलं. इंजिन आत सरकवून त्यांनी पंचा झटकला आणि खांद्यावर टाकला. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले.

खरी शेड पाडली तेव्हा ते बघायला गेले नाहीत. वर्षभरात तेही गेले.

अक्का भावाकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "शेड तुम्ही न्या. पुस्तकं पुसता तशी पुसाल. काजळी तेवढी पुसू नका." मी ती खोक्यात नीट बसवली. मग खोलीच्या खिडकीत उभा करून ठेवलेला तो कापलेला तुकडा दिसला, म्हणून हात पुढे केला.

"तो नको," अक्का म्हणाल्या. त्यांनी तो उचलून पदरात घेतला. "त्यांचं चालणं आहे ते. माझ्यापाशी राहू दे."