दाजींचा तास

इजिप्तचा कुठलातरी राजा वारला तेव्हा खांदा द्यायला आमचे दाजी जातीनं हजर होते, अशी माझी पक्की समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापुरात आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर होतो. ते इतिहास शिकवायचे, मी गणित. मी सडाफटिंग, म्हणून रात्रीचं जेवण ताईकडे. दाजींच्या लेखी जगात नवं काही घडतच नसे. पेठापेठांच्या फुटबॉलात मारामारी झाली की ते अथेन्स-स्पार्टा काढत. पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात, तिथं सुट्टीच्या दिवशी वर्ग घेऊन गेले. एक म्हैस उधळली, पोरं पांगली, आणि हे मात्र सिंधूकाठच्या मुद्रेवरल्या बैलाबद्दल बोलत उभे. घरी ताईनं गूळ आणायला सांगितला, तर बाबिलोनची वजनं सांगायचे आणि गूळ विसरायचे. "जेवताना तरी ती मढी उकरू नका," असं ताई रोज करवादायची.

नगरपालिकेच्या निवडणुकीची धामधूम होती. दाजींनी वर्गात अथेन्सची रीत सांगितली: जो माणूस फार वरचढ झाला, त्याचं नाव लोक खापरीवर लिहीत आणि त्याला गावाबाहेर धाडत. नुसतं सांगून थांबले असते तर ते दाजी कसले! पोरांना कुंभारवाड्यातून खापऱ्या आणायला लावल्या. पोरं पेठेतल्या एखाद्या उमेदवाराचं नाव लिहितील अशी त्यांची कल्पना. पोरांनी एकमतानं मुख्याध्यापकांना निवडलं. वळण चांगलं, त्यामुळे नावाआधी 'माननीय' लिहायला कुणी विसरलं नव्हतं. गलका ऐकून माननीय स्वतःच वर्गात आले. मी शेजारच्या वर्गातून धावलो, तर दाजी त्यांची समजूत घालत होते, "सर, वाईट वाटून घेऊ नका. हा मान थोर माणसालाच मिळायचा."

दुसऱ्या दिवसापासून इतिहास दुसऱ्या मास्तरांकडे गेला आणि दाजींकडे हस्तकला आली. दाजी कागदाची फुलं करायला शिकवू लागले आणि घरी गप्प झाले. सांगितलेला गूळ न विसरता आणू लागले. ताटावर खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे.

शेवटी एका दुपारी ताई पदर खोचून शाळेत आली. मुख्याध्यापकांसमोर ती कधी उभीसुद्धा राहिली नव्हती. म्हणाली, "सर, त्यांचा इतिहास त्यांना परत द्या. बोलत्यात म्हणून मी रोज कावायची. आता घरात माणूस हाय का न्हाय, तेच कळंना झालंय."

मुख्याध्यापकांनी शिपायाला वेळापत्रक आणायला सांगितलं.

त्या रात्री दाजी पहिल्या घासालाच रोमला पोचले. कुठल्याशा सरदाराला त्यांनी नदीकाठी आणून सोडलं आणि भाकरी मोडायला थांबले. ताई वाढायचं सोडून पाटावर बसली होती.

"मग," तिनं विचारलं, "उतरला का न्हाय त्यो नदी?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. त्यांना पुढचं काही आठवेना.