गुलाबी द्राक्षाचा वेल

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काल सरांनी मस्कॅट कुळातल्या द्राक्षांचे घोस मांडले होते. यातल्या कुणाची वाइन होते, कुणाचे मनुके, कुणाचा नुसता रस, असं ते सांगत होते. काळसर ‘गुलाबी’ जातीचा एक मणी मी बोटांत चुरडला आणि त्या गुलाबासारख्या वासानं मला वालूरच्या आमच्या अंगणात नेलं.

तिथं आईनं न्हाणीच्या सांडपाण्यावर गुलाबीचा वेल वाढवला होता. असल्या द्राक्षांची दारू करतात, असं कुठंतरी ऐकून माझे माळकरी मोठे काका एका सकाळी कोयता घेऊन आले.

“दारूचा वेल दारात नगं,” ते म्हणाले.

आई थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसे. डोईवरचा पदर पुढं ओढून ती मला म्हणाली, “इचार तुझ्या काकाला, गुळाची बी दारू काढतेत. मग गुळाचा चहा सोडायलेत का?”

काका खदखदून हसले. “लय शानी हाय तुझी माय,” म्हणत त्यांनी कोयता खाली ठेवला आणि चहा मागितला.

तेव्हा मीही हसले होते. काल मात्र मला वेगळंच आठवलं. तो चहा देताना आईच्या हातातली कपबशी किती वाजत होती!