मावशींची नसलेली भाची

मुलींच्या होस्टेलच्या जिन्याखाली मावशींचं इस्त्रीचं टेबल. हात भाजला तर फुंकर मारून पुढचा कपडा ओढणारी बाई, पण सुई दिसली की पळ काढायची. जिभेला मात्र हाड नाही. परीक्षेपासून प्रेमापर्यंत मुलींना सगळे सल्ले इथेच मिळायचे, तेही फुकट.

घटसर्पाची लस द्यायला नर्स आल्या. मुलींबरोबर कामाच्या बायकांनीही घ्यायची होती. मावशी कपड्यांच्या ढिगाआड दडल्या, तर दुसऱ्या मजल्यावरच्या एका बडबड्या पोरीनं नेमकं गाठलं.

"मावशी, तुम्ही नाही घेत?"

आता या वयात पोरींसमोर भित्री ठरायचं? मावशींनी ठोकून दिलं, "माझ्या भाचीनं घेतली होती, बाई. अजून पाळणा हलला नाही तिचा."

मावशींना भाची आहेच कुठे! पण गोष्ट भराभर वरच्या मजल्यापर्यंत पोचली. कुणाचं डोकं दुखायला लागलं, कुणाला अचानक तास आठवला. नर्सनं कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. आपल्या शब्दाला एवढं वजन आहे म्हणून मावशींना, खरं सांगायचं तर, जरा ऐटच आली.

पुढच्याच महिन्यात त्या बडबड्या पोरीचा घसा धरला. घटसर्पच निघाला. श्वास कोंडायला लागला तशी तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. नर्स पुन्हा आल्या, तरी बाकीच्या मुली दंड पुढे करेनात. पोरीच्या जिवाशी खेळलो आपण, एवढंच मावशींच्या मनात घोळत राहिलं.

ती बोलण्याइतपत सावरल्यावर मावशी मास्क लावून तिच्या खाटेशी गेल्या. पोरीच्या आईनं स्टूल पुढे केलं. "पोटच्या पोरींसारखं जपता हो तुम्ही यांना."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मावशींना.

"मला भाची नाही गं," त्या पोरीला म्हणाल्या. "सुईची भीती वाटते मला, म्हणून खोटं बोलले. त्या लसीनं मूलबाळ अडत नाही."

पोरगी रडली असती, ओरडली असती, तर मावशींना सोसलं असतं.

"आई, माझ्या मोबाइलवरून धाकटीला फोन लाव," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी सांगितलं म्हणून तिनंही नाही घेतली. तिच्या वर्गातल्या मुलींनीसुद्धा. मावशी, तुम्हीच सांगा तिला."

आईनं जोडून दिलेला फोन मावशींनी कानाला लावला.

"ताई?" पलीकडून आवाज आला. "बरी आहेस ना गं?"