वहीत न लिहिलेलं काम

एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. वयाने नव्हे, आवाजाने मोठ्या. परदेशी संस्थेने अकरा वर्षांपूर्वी दवाखाना उघडला तेव्हापासून त्या तिथे होत्या. आता संस्था गाशा गुंडाळत होती आणि कारभार सरकारी रुग्णालयाकडे चालला होता. जाता जाता संस्थेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही जे जे करता ते लिहून ठेवा. सिस्टरांनी दोनशे पानी वही भरली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

सरकारी रुग्णालयाकडून आलेला नवा औषधवाला शिस्तीचा. वहीबरहुकूम गोळ्या देई. तरी आठवड्याच्या आत बाकाखाली तीन भरलेल्या बाटल्या सापडल्या.

"फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही!" तो कडाडला.

सिस्टरांनी एका बाटलीवरचा नंबर आणि तारीख पाहिली. ही तर शिंपीणबाईंची! भरल्या घरात एकट्या नवऱ्याला ठाऊक असलेला आजार, आणि पाच दिवस गोळी नाही. इतक्या वर्षांत दाबून ठेवलेलं दुखणं डोकं वर काढायला कितीसा वेळ? निमित्ताला एक उसवलेला ॲप्रन काखोटीला मारून सिस्टर तडक त्यांच्या शिवणाच्या दुकानात गेल्या.

सिस्टरांनी गोळ्यांचं विचारताच शिंपीणबाईंनी मशीन आणखी जोरात चालवलं. "हळू बोला हो, सासूबाई आत आहेत. बाटली खुळखुळ वाजते, सिस्टर. पिशवी उचलली की त्या विचारणारच, काय गं वाजतंय? आधी नव्हती वाजत."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. प्रत्येक बाटलीत कापूस कोंबायच्या त्या स्वतः. हात इतका सरावला होता, की ते काम आहे हेच त्या विसरल्या होत्या. वहीत येणार कुठून?

आता औषधवाला नियम काढणार, या तयारीनेच त्या परतल्या. त्याने सगळं ऐकलं, बाटली हलवून पाहिली आणि ओशाळला. "मी उगाच लोकांना नावं ठेवली. अजून काय राहिलंय लिहायचं?"

"तेच तर आठवत नाही, भाऊ!"

"मग तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी शेजारी उभा राहून लिहितो."

सिस्टरांना एकदम भरून आलं. संस्था गेल्यापासून मनावर असलेलं ओझं उतरलं.

दुपारी शिंपीणबाई आल्या. औषधवाल्याने कापूस भरून बाटली पुढे केली. त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली, पुन्हा हलवली. मग झाकण उघडलं आणि आजची गोळी पाण्याचीही वाट न बघता तिथेच गिळली.